टिटवीचे चौथे अंडे

माझी केजला बदली झाली, तेव्हा पुण्यातल्या आप्तांनी नकाशे काढले. ज्यांना केज सापडले त्यांनी हळहळ व्यक्त केली, ज्यांना सापडले नाही त्यांनी "तेवढाच हवापालट!" असे म्हणून धीर दिला. हवापालट झाला यात शंका नाही. पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी बाराला अंगणात ठेवलेली चप्पल एकला पायात घालवेना.

बीडहून अंबाजोगाईकडे जाताना केज लागते. पुढे अंबाजोगाईला योगेश्वरीचे देऊळ आणि मुकुंदराजांची समाधी, एका अंगाला धारूरचा किल्ला. त्यामुळे प्रवासी केजच्या स्टँडवर चहा पितो आणि पुढे जातो. पण ज्याला इथे राहायचे असते त्याला हळूहळू गाव दिसू लागते. बालाघाटचे उघडे माळ, सखल भागातली काळी जमीन, उंचावर मुरूम आणि बाभळी. याच तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवरचे धरण आहे. लातूर शहर त्याचेच पाणी पिते. 2016 साली ते धरण आटले आणि लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

मी सांगतो आहे ती हकीकत 2019च्या उन्हाळ्यातली. आदल्या साली पावसाने पाठ फिरविली होती. जिल्ह्यात ठिकठिकाणी जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर येई आणि त्या दिवशी गल्लीतला प्रत्येक माणूस बादलीमागे धावताना दिसे.

अशा दिवसांत मला कॅमेऱ्याचे खूळ लागले. थकबाकीची रक्कम हाती आली होती. त्यात सौ.ची एक गोठ सहज झाली असती. मी लांब पल्ल्याचे भिंग आणि कॅमेरा घेऊन आलो. त्यानंतर महिनाभर घरात त्या कॅमेऱ्याचा उल्लेख "तुमची ती गोठ" असा होई.

आमचे घर धारूरच्या रस्त्याला, गावाच्या अगदी कडेला. मागे प्लॉट पाडलेली मोकळी जमीन. मुरूम पसरलेला, कोपऱ्याकोपऱ्यांवर चुना फासलेले दगड, आणि बाकी काही नाही. एप्रिलच्या मध्याला एका सकाळी कपडे वाळत घालताना सौ.ने हाक मारली, "अहो, तुमच्या गोठीला गिऱ्हाईक आलंय बघा!"

चुन्याच्या एका दगडापाशी टिटवी बसली होती. डोके व छाती काळी, डोळ्यामागून खाली उतरलेला पांढरा पट्टा, डोळ्यापुढे लाल मांसल चट्टा, लाल चोचीचे टोक काळे आणि पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे. ती उठली तेव्हा खाली तीन अंडी दिसली. दुसऱ्या दिवशी चार झाली. घरटे म्हणजे काय, तर मुरमात उकरलेला बशीएवढा खळगा आणि भोवती चार खडे. अंड्यांची निमुळती टोके आत, जाड बाजू बाहेर. रंग असा मातकट, वर काळसर ठिपके असे, की नजर क्षणभर वळली तर ती पुन्हा शोधावी लागत.

या पक्ष्याविषयी आपल्याकडे बोलले जाते तेवढे मोरा-पोपटाविषयीही जात नसेल. रात्री टिटवी ओरडली की म्हाताऱ्या माणसांच्या मनात पाल चुकचुकते. ती पाय वर करून निजते म्हणतात. आभाळ पडले तर झेलावे म्हणून! पंचतंत्रात समुद्राने टिटवीची अंडी नेली आणि तिने त्याला ती परत करायला लावली. 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण आपण शाळेत पाठ केलेली असते. आमच्याकडे समुद्राचा प्रश्नच नव्हता. इथे सगळे आधीच आटले होते.

शेजारचे आबा त्या मोकळ्या जागेत शेळ्या चारीत. त्यांनी खळगा पाहिला आणि म्हणाले, "उंचवट्यावर घातलीत. यंदा पाऊस लई." उंचावर अंडी तर पाऊस भरपूर, सखल जागी अंडी तर दुष्काळ, असा त्यांचा ठोकताळा. शास्त्र याला पुरावा देत नाही. पण त्या वर्षी आबांशी वाद घालावा असे मला वाटले नाही.

पुढल्या रविवारी मी मोहिमेवर निघालो. कॅमेरा, तिकटी, पाण्याची बाटली आणि उन्हासाठी छत्री. घरट्यापासून दहा पावलांवर ठाण मांडले. टिटवी उठली आणि तिने अख्खा माळ डोक्यावर घेतला. तिचा जोडीदारही आला. दोघे आळीपाळीने डोक्यावरून झेपा घालू लागली. एकदा तर ती पंख पसरून, चोच उघडून थेट माझ्यावर चालून आली. मी खटके दाबीत होतो. असा आवेश! अशी नजर! आता ती दमून अंड्यांवर बसेल आणि मग तेही चित्र मिळेल, या आशेने मी अर्धा तास हललो नाही.

"सायेब, उठा तिथनं!" मागून आबांचा आवाज आला. "तुमी बसलाव सावलीत, आन् अंडी पडलीत उन्हात!"

मी वर पाहिले. छत्री माझ्या डोक्यावर होती.

तोपर्यंत माझी समजूत अशी, की पक्षी अंडी उबवितो म्हणजे त्यांना ऊब देतो. आमच्या एप्रिलमध्ये ऊब फुकट मिळते. हवाच 40 अंशांच्या वर, मग मुरमाचे काय विचारावे! तशा उन्हात उघडे पडलेले अंडे थोड्याच वेळात आतून शिजू लागते. टिटवी अंड्यांना ऊन देत नव्हती, ती त्यांचे ऊन अंगावर घेत होती. मी कॅमेरा आवरला. मी पन्नास पावले गेलो नाही तोच ती धावत येऊन खळग्यावर उभी राहिली.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचीत बसलो. या छंदाची वंशावळ मोठी आहे. इंग्लंडात 1892 साली चेरी कीर्टन याने अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे तो आणि त्याचा भाऊ रिचर्ड बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात दडून बसत. एरिक हॉस्किंगने तर 1937 साली घुबडाचे छायाचित्र घेण्याच्या नादात एक डोळा गमावला. आपल्या 1972च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे हेही 'शिकार' या शब्दाखाली येते. हे वाचले आणि पुस्तक मिटले. माझ्या हाती बंदूक नव्हती एवढेच.

कीर्टनच्या बैलावरून मला वाटले, कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा करावा. आबांकडे पेंढ्या मागितल्या. ते माझ्याकडे पाहतच राहिले. "जनावराच्या तोंडी घालाया न्हाई कडबा, आन् तुमाला लपाया पायजे?" मी पुन्हा तो विषय काढला नाही. शेवटी स्वयंपाकघरातली मागची खिडकी कामी आली. घरट्यापासून पन्नासेक पावले. जुन्या लुगड्याचा पडदा, त्याला भिंगापुरते भोक. टिटवीने दोन दिवस खिडकीकडे संशयाने पाहिले आणि मग आमचा नाद सोडला.

खिडकीतून जे दिसले ते दहा पावलांवरून कधीच दिसले नव्हते. नर आणि मादी पाळीपाळीने बसत. आबांची शेळी फारच जवळ गेली तर बसलेली टिटवी पळत नसे. पंख उघडून तिच्या तोंडासमोर उभी राही आणि शेळी वाट बदली. आबा मग स्वतःच शेळ्या पलीकडून नेऊ लागले.

दुपारी एक टिटवी कोठे तरी उडून जाई आणि परत येऊन बसे तेव्हा तिच्या पोटाखालची पिसे ओली दिसत. ही मंडळी पाण्यात पोट भिजवून आणतात आणि अंड्यांना गारवा देतात. लातूरला गाडीने पाणी आले त्याची केवढी बातमी झाली! इथे पाणी पोटावरून येत होते.

टँकर भरायच्या जागी डबके साचे, तेथून ते पाणी येई. मेच्या पहिल्या आठवड्यात टँकर दोन दिवस चुकला. डबके सुकले. सौ.ने तांदूळ धुतलेले पाणी एका मातीच्या परळात घालून कुंपणापाशी ठेवले. ते पाणी एरवी भांड्यांच्या पहिल्या हाताला लागे. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "एका पातेल्याचं काय ते मी बघून घेईन." तिसऱ्या दिवशी टिटवी आली. आधी प्यायली; मग परळात बसली, हलली, आणि पोट निथळत अंड्यांकडे गेली. मी खटका दाबला. हात थरथरला असावा.

अठ्ठावीस-तीस दिवस भरले आणि मेच्या मध्याला एका सकाळी टिटवीच्या पंखाखालून काडीसारखे पाय बाहेर आले. एक, दोन, तीन. अंगावर अंड्याचेच ठिपके. संध्याकाळपर्यंत ती पिले मुरमातून चालत होती. आईने इशारा दिला की जिथल्या तिथे चिकटून बसत आणि पाहता पाहता खडा होऊन जात.

चौथे अंडे तसेच राहिले. आणखी एक दिवस टिटवी त्यावर बसली. मग पिलांमागे गेली, ती फिरून आली नाही.

मी आबांना विचारले, "माझ्यामुळे झालं का हो?" आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "असंबी असल, न्हाईतर नसलबी. एखादं अंडं पोकळच ऱ्हातं." हे त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितले की खरे म्हणून, ते मला अजून कळलेले नाही. पावसापर्यंत तिनांतली दोन पिले उरली. ती मात्र उडाली.

पुण्याचे स्नेही आले की मी त्यांना ती छायाचित्रे दाखवितो. त्या रविवारचे, पंख पसरून अंगावर येणाऱ्या टिटवीचे चित्र पाहून सगळे वाहवा करतात. "स्पर्धेला पाठव, बक्षीस ठेवलेलं!" मी ते कोठेही पाठविलेले नाही. त्यात टिटवीचा आवेश दिसतो, पण तिच्यामागे उन्हात उघडी पडलेली चार अंडी कोणालाच दिसत नाहीत. मला दिसतात.

बैठकीत चौकट करून लावले आहे ते परळातून उठलेल्या, ओल्या पोटाच्या टिटवीचे चित्र. ते किंचित हलले आहे. "हे कशाला लावलंत? अस्पष्ट आहे," असे कोणी म्हटले की माझ्या आधी सौ.च उत्तर देते.

"ते आमच्या घरचं पाणी आहे."

गोठीची आठवण तिने त्यानंतर काढलेली नाही.