मिशिगन स्टेडियम आणि वीस तास

अ‍ॅन आर्बरचं मिशिगन स्टेडियम १९२७ सालचं. त्याचा बराच भाग जमिनीखाली आहे, त्यामुळे दारातून आत शिरलं की आपण एकदम वरच्या कडेवर! बसायची सोय १,०७,६०१ जणांची, म्हणजे वानखेडेच्या तिपटीहून जास्त.

आम्ही जातो मॅच बघायला, पण लक्ष जातं दारावरच्या मुलांकडे. अमेरिकन कॉलेजांची अ‍ॅथलेटिक्स खाती तिकिटं तपासायला, टॉवेल धुवायला, सामान हलवायला विद्यार्थी घेतात. आपल्याकडून आलेल्यांनी जाहिरात मात्र नीट वाचावी. ‘वर्क-स्टडी’ची नोकरी सरकारी मदतीस पात्र मुलांसाठी असते, एफ-१ व्हिसावाल्यांना ती मिळत नाही. बाकीची चालते, पण सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासच. लायब्ररीत ८ आणि स्टेडियमवर १४ केले तर बेरीज २२ होते, आणि व्हिसा धोक्यात येतो. शनिवारच्या मॅचचे तास आधीच मोजून ठेवावेत.

एम.एस. करताना आम्हीही मेसमध्ये भांडी घासली. कर्मवीर भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ ठाऊक असलेल्यांना कामाची लाज कसली? यंदा कुणाचा भाचा-पुतण्या येणार असेल, तर लोणच्याच्या बरणीआधी त्याला हा हिशेब सांगा.