चौदा माणसांचे घर

एकत्र कुटुंबाविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यातील बरेचसे ते घर सोडून गेलेल्यांनी लिहिले असावे, अशी आम्हांला फार दिवसांची शंका आहे. शहरातल्या दोन खोल्यांत बसून ओसरी, माजघर आणि पंगती यांच्या आठवणी काढणे सोपे असते. पंगत उठल्यावर खरकटी कोणी काढली, हे त्या आठवणींत सहसा येत नाही. आम्ही मात्र अजूनही वाईतल्या जुन्या घरातच राहतो, आणि २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली तेव्हा त्या घरात चौदा माणसे होती.

एरवी आम्ही नऊ. आजी, थोरले काका-काकू, आई-बाबा, धाकटे काका-काकू, त्यांचा दहावीतला मुलगा आणि आम्ही. पुण्याला शिकणारी दोन भावंडे वसतिगृह बंद झाल्यामुळे परतली होती. मुंबईचा चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी ‘दोन-चार दिवस’ म्हणून आले आणि राहिले. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, २४ ला रात्री आठ वाजता देशभराच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी गुढीपाडवा होता. कडुनिंब परसातच होता. साखरेची गाठी मात्र कुठे मिळेना. तेव्हा आजीने खडीसाखरेची पुरचुंडी बांधून गुढीला लावली आणि “ह्याने काही अडत नाही,” म्हणाली. दहावीतल्या मुलाचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. तो पुढे रद्दच झाला. आपल्याला भूगोल येतो की नाही हे आता कधीच कळणार नाही, याचा त्याला विलक्षण आनंद झाला.

पहिले दहा-बारा दिवस खरोखरच सणासारखे गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागू लागले. १९८७ साली आळीत मोजकेच दूरदर्शनसंच होते. आमच्या ओसरीवर तेव्हा रविवारी सकाळी चाळीसएक माणसे बसत, आणि आजी संचाला हळदकुंकू वाहत असे. आता त्याच ओसरीवर आम्ही चौदाच. आजी मधूनच दाराकडे पाही. कोणी यायचे राहिले आहे काय, असा तो पाहण्याचा भाव होता.

माळ्यावरून जाते काढण्याचा उत्साहही याच काळातला. भावंडांनी ते धुऊन पुसून मांडले, तासभर ओढले, छायाचित्रे काढली. पीठ निघाले ते दीड वाटी, तेही भरड. “आम्ही पहाटे चारला उठून हे करायचो ते हौस म्हणून नव्हे,” असे आजी म्हणाली आणि पुन्हा माळ वेचू लागली. जाते त्यानंतर महिनाभर वाटेतच पडून होते. त्याला ठेच लागली नाही असा घरात कोणी उरला नाही.

आजीकडे साथींच्या गोष्टी होत्या. तिच्या स्वतःच्या नव्हेत, तिच्या आईकडून आलेल्या. प्लेगात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. पण त्या झोपडीत रात्री कोल्हे ऐकू येत आणि मुलांना त्याची मौज वाटे, हे तिनेच सांगितले. तेव्हा जीव वाचवायचा तर घर सोडायचे होते, कारण मरण घरातल्या पिसवांत होते. आता जीव वाचवायचा तर घरात राहायचे. आणि मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने जो कायदा लागू केला तो मात्र त्याच प्लेगाच्या काळातला, १८९७ चा.

असो. खरी गोष्ट स्वयंपाकघरातली आहे.

चौदा माणसांचा एक वेळचा स्वयंपाक म्हणजे साधारण पन्नास पोळ्या. जेवणानंतर चौदा ताटे, अठ्ठावीस वाट्या, तितकीच भांडी-पेले, वर पातेली आणि कढया. हे दिवसातून दोनदा. सकाळ-संध्याकाळचा चहा वेगळा. गेली बावीस वर्षे ही भांडी मावशी घाशीत. मावशींचे येणे बंद झाले त्या दिवशी परसातल्या मोरीवर जो ढीग पडला, त्याकडे घरातली सुशिक्षित मंडळी बराच वेळ नुसती पाहत उभी होती.

धाकट्या काकूंनी दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर पाळ्या लिहिल्या. पुरुषांचीही नावे घातली. बाबांनी भांडी घासली आणि ती स्वच्छ घासली. थोरल्या काकांनी दोन पाळ्या केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली ती टाळेबंदी उठेपर्यंत सुटली नाही. आमच्याविषयीही खरे तेच सांगायला हवे. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. ऑनलाइन तास सुरू झाले आणि आम्ही माळ्यावर बसून शिकवू लागलो, कारण मोबाइलची रेघ तेवढी तिथेच पकडे. तास चाळीस मिनिटांचा असे. आम्ही तिथे दोन-दोन तास थांबत असू. भांडी वाजायची थांबली की मग खाली येत असू. रामनवमी उलटेपर्यंत ते पान भिंतीवर राहिले खरे, पण मोरीवर पुन्हा थोरल्या काकू, आई, धाकट्या काकू आणि वहिनीच होत्या.

थोरल्या काकू सर्वांबरोबर कधीच जेवत नाहीत, हे आम्ही जन्मापासून पाहिले होते, परंतु ध्यानात घेतले नव्हते. चार वर्षांच्या पुतणीने विचारले, “मोठी आजी उपाशी का?” तेव्हा पंगतीत एकदम शांतता पसरली. काकू हसून म्हणाल्या, “अगं, माझं चालता-चालता होतं.” त्यांना जबरदस्तीने बसवले, तर दोनदा मीठ आणायला उठल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मावशी परसदाराशी आल्या. पदर तोंडावर घट्ट बांधलेला होता. पगार द्यायचा, आणि पुढेही देत राहायचा, याविषयी घरात मतभेद नव्हते. ही आमच्या घराची जमेची बाजू. आत घ्यायचे की नाही, यावर मात्र आदल्या रात्री दोन तास खल झाला. आजीचे वय शहाऐंशी, थोरल्या काकांना मधुमेह. नाही घ्यायचे, हेच शहाणपणाचे होते. आम्हीही तसेच मत दिले आणि आजही ते चुकीचे वाटत नाही. पैसे पाकिटात घालून कट्ट्यावर ठेवले, काकू चार पावले मागे सरल्या, मग मावशींनी पुढे होऊन ते उचलले. हे सगळे इतके सफाईने पार पडले की पाहणाऱ्यास वाटावे, यांची तालीम झालेली आहे.

तालीम झालेली होतीच. मावशींचा चहाचा कप मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा असे. कानाला चीर गेलेला, निळ्या फुलांचा. बावीस वर्षे त्यांनी तो स्वतः घ्यावा, चहा वरून ओतला जावा, त्यांनी तो स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवावा. हे अमुक एका कारणासाठी आहे, असे आमच्या घरात कोणी उच्चारले नाही. उच्चारावे लागत नव्हते. सरकारने अंतर पाळण्यास सांगितले ते २०२० साली. या घराला त्याचा सराव जुना होता.

त्याच आठवड्यात माळ्यावरून आम्ही सावित्रीबाई फुल्यांविषयी तास घेत होतो. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला, हे आम्ही दरवर्षी सांगतो. या वेळी ‘त्यांनी रोग्याला स्वतः उचलून नेले’ एवढे वाक्य म्हणताना खाली बोळात मावशी परत जाताना दिसल्या, आणि आमचे पुढचे वाक्य लांबले. मुलांना वाटले, संपर्क तुटला.

मे महिन्यात कप फुटण्याचे प्रमाण वाढले. चौदा माणसे, सुट्टीतली मुले, बंद दुकाने. जे भांडे हाती येईल त्यात चहा होऊ लागला. एके सकाळी आम्ही पाहिले तर निळ्या फुलांच्या कपातून पुतणी दूध पीत होती. वहिनीला त्या कपाची हकीकत ठाऊक नव्हती. तिने तो कोनाड्यातून घेऊन फडताळात लावला होता. आईने पाहिले, काकूंनी पाहिले, आजीनेही पाहिले. कोणीच काही बोलले नाही. पुढे तो कप रोज कोणाच्या ना कोणाच्या हाती असे. एकदा थोरल्या काकांच्याही. वाईट वाटते ते याचे, की या गप्प राहण्याला आम्ही तेव्हा मनातल्या मनात सुधारणा समजलो.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऐकणारा ज्यात धरलेला नाही तो ‘आम्ही’, धरलेला आहे तो ‘आपण’. वर्गात हा फरक समजावून द्यायला आम्हांला पाच मिनिटे लागतात. मावशींशी बोलताना आजी नेहमी ‘आपल्याकडे’ म्हणे: आपल्याकडे पाहुणे यायचेत, आपल्याकडे सत्यनारायण आहे. त्या ‘आपल्या’त कप धरलेला नव्हता.

१ जुलैला आषाढी एकादशी होती. त्या वर्षी पालख्या पायी गेल्या नाहीत, पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरपुरास नेल्या गेल्या. द्वादशीचे पारणे झाल्यावर मावशी कामावर आल्या. घरातल्यांनी तोंडाला फडकी बांधली होती, त्यांनीही बांधली होती. त्यांनी हात धुतले, मोरीवर बसल्या, तीन महिन्यांत आम्ही काळे करून ठेवलेल्या पातेल्यांकडे पाहून हसल्या. अकराला चहा झाला. थोरल्या काकूंनी फडताळ उघडले आणि त्या क्षणभर थांबल्या. निळ्या फुलांचा कप पुढेच होता, शेजारी घरातले सगळे कप. त्यांनी कोणता उचलला असता, हे आम्हांला ठाऊक नाही.

मावशींनी पिशवीतून स्टीलचा पेला काढून कट्ट्यावर ठेवला होता.

“माझा मी आनलाय, वैनी,” त्या म्हणाल्या. “दिस असं हायेत. समद्यांलाच बरं.”

काकूंनी वरून चहा ओतला.