कॅरेटच्या तळाचं संत्रं

रिद्धपूर,
कार्तिक पौर्णिमा

चि. बाळू यास,


फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो. बायांना संत्र्यांच्या कॅरेटमागे बक्षीस लावलंस, कॅरेट वाढले आणि तळाला डागी संत्री निघाली, असं म्हणालास. बाप्पा, तू जे मोजलंस तेच वाढलं. कात्रीनं देठ कापायला वेळ लागतो. ओरबाडलेल्या संत्र्यानंही कॅरेट भरतंच.

शिवाय अशा बक्षिसानं कामातला रसही आटू शकतो. 1971 साली एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना कोडी घातली. काहींना सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्याच मुलांचा कोड्यांतला रस कमी झालेला दिसला. गंमत म्हणून चाललेलं काम मजुरीचं झालं होतं.

याच्या उलट गोष्ट आपल्या गावात घडली. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास इथंच त्यांच्या आठवणींचा, म्हणजे लीळांचा, ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. ज्यानं लीळा पाहिली त्याला गाठून ऐकायचं, पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घ्यायचं, आठवणी जुळल्या नाहीत तर तसं नोंदवायचं. पानामागे दाम ठरला असता तर ग्रंथ जाडजूड झाला असता, इतका चोख झाला नसता. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा पंथातल्या लोकांनी आठवणीतून तो पुन्हा उभा केला.

पण म्हाइंभटांचं नाव सांगून कुणाचा रोज मारू नकोस. ते भक्त होते. तुझ्या शेडातल्या बायांना चूल पेटवायची असते. रोज पुरता दे आणि बाजाराच्या आधी हातात दे. त्यात घासाघीस केलीस तर कामाच्या अभिमानाबद्दल बोलायला तुला तोंड उरणार नाही.

रोज चुकता केलास की पुढचं ऐक. निवडीला जिचा हात बसलाय, तिनं बाजूला काढलेलं संत्रं तू परत कॅरेटात टाकू नकोस. व्यापाऱ्यानं माल वाखाणला तर तिला सांग, नावं ठेवली तर तेही सांग. नवी पोरगी तिच्याच हाताखाली शिकू दे, आणि शिकवण्यात गेलेल्या वेळेचा रोज कापू नकोस. तळाचं संत्रं पाहायला तू तिथं नसतोस, तीच असते.

कॅरेटमागचं बक्षीस बंद कर आणि तेवढे पैसे सगळ्यांच्या रोजात घाल. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा