मधल्या दिवसांतला डाग

आमच्या पिंपळे गुरवात मूल हवं असलेली जोडपी ‘चान्स घेतोय’ म्हणतात आणि पाळी नसताना रक्त दिसलं की बाई ‘मधेच डाग लागला’ म्हणते. ही दोन्ही वाक्यं माझ्या दवाखान्यात एकीच्याच तोंडून आली की मी विचारते, डाग कितव्या दिवशी लागला? आणि त्या दिवसांत तुम्ही दोघं एकत्र होतात का? दुसऱ्या प्रश्नावर ती बहुतेक वेळा मान हलवून ‘नाही’ म्हणते. पाळीच लवकर आली असं समजून नवरा-बायको लांब राहिलेले असतात. गावाहून सासूबाई आलेल्या असल्या, तर देवाची पूजाही बंद.

महिना वाया जातो तो इथे. बीज फुटायच्या सुमारास इस्ट्रोजेन शिगेला पोचतं आणि एकदम खाली येतं. गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच जोरावर वाढलेलं असतं. तो जोर कमी पडला की थोडं रक्त सुटतं. गुलाबी किंवा तपकिरी, एखाद-दोन दिवस, पॅडही लागू नये इतकं. हे थोड्याच बायकांना होतं आणि त्यांनाही दर महिन्याला नाही. पण होतं तेव्हा ते दिवस राहण्याच्या ऐन मोक्यावर होतं.

अमेरिकेत ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या 221 बायकांची रोजची लघवी तपासली. 1995 साली निष्कर्ष छापून आला: गर्भ राहिला तो बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा 6 दिवसांतल्या संबंधांतूनच. बीज फुटल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून काहीच हाती लागलं नाही. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र 12 ते 24 तासच. ‘डाग थांबू दे, मग बघू’ म्हणणारं जोडपं त्यामुळे बहुधा उशीर करतं. असा हलका डाग असताना संबंध आल्याने काही बिघडत नाही, हे मी नवऱ्यालाही समोर बसवून सांगते.

जुन्या हिशेबाबद्दल एक सांगण्यासारखं आहे. मनुस्मृतीत ऋतुकाल, म्हणजे दिवस राहण्याचा काळ, पाळी आल्यापासून सोळा रात्रींचा, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी हा भाग सोडून द्या; पण 28 दिवसांच्या पाळीत चौदावा दिवस या सोळांत बसतो. एकोणिसाव्या शतकातले युरोपातले डॉक्टर मात्र महिन्याचा मधला काळच ‘सुरक्षित’ सांगत होते! जपानचे ओगिनो यांनी 1924 मध्ये आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी थोड्याच वर्षांत दाखवून दिलं, की मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे, साधारण 14 दिवस. म्हणजे जिची पाळी 35 दिवसांनी येते तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास फुटणार. सोळा रात्री तिला पुरत नाहीत, आणि चौदाव्या दिवशीचा तिचा डाग बीज फुटण्याचा असेलच असं नाही.

या दिवसांची नोंद ठेवायला मला मोबाइलमधल्या ॲपपेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय बरं वाटतं. ॲप मागच्या महिन्यांची सरासरी काढून अंदाज सांगतं आणि बायका तो निकाल समजतात. पाळीला एक खूण, डागाला वेगळी; अंड्याच्या पांढऱ्यासारखा, तार सुटणारा स्राव दिसला तर त्याला तिसरी. तीन महिन्यांच्या अशा खुणा माझं निम्मं काम करतात.

चाकणच्या कंपनीत नवरा दर आठवड्याला शिफ्ट बदलतो, बायको हिंजवडीला. तो नाइट करून सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो तेव्हा ती दारात पर्स घेऊन उभी. अशांना मी तारखेच्या मागे लावत नाही. पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या, एवढं पुरतं. तारीख साधायच्या ताणाने संबंधच नकोसे झालेली जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत.

गौरी-गणपती झाले की माझ्याकडे वेगळीच गर्दी असते. पाळी लांबवायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, दोन दिवस विसरलेल्या, मग डाग. चान्स घेत असताना या गोळ्या नकोतच. तेव्हा दिवस राहिलेलेही असू शकतात. गौरी जेवायला येतात, त्या कुणाची तारीख विचारत नाहीत, असं मी म्हटलं की सासवा हसतात आणि गोळ्या पुढच्या वर्षीही येतात.

पाळीच्या चार-सहा दिवस आधी लागलेल्या डागाला हल्ली सगळ्या ‘गर्भ रुजल्याचा डाग’ म्हणतात. विलकॉक्स यांच्याच गटाने 2003 मध्ये हे तपासलं. टिकलेल्या गर्भारपणांपैकी थोड्यांत सुरुवातीला रक्त दिसलं, पण त्याचा रुजण्याच्या दिवसाशी मेळ बसला नाही. पाळी चुकू द्या, मग किट वापरा.

मात्र प्रत्येक डाग असा निरुपद्रवी नसतो. संबंधानंतर लागणारा, घाण वास येणारा, दर महिन्याला लांबत जाणारा डाग मी तपासल्याशिवाय सोडत नाही. गर्भाशयात किंवा त्याच्या तोंडाशी पॉलिप निघतो, जंतुसंसर्ग निघतो. थायरॉइड, प्रोलॅक्टिनची गडबड निघते. पाळी वर्षभरात कमी-कमी होत गेली असेल, तर आपल्या देशात गर्भाशयाच्या टीबीचा विचार करावाच लागतो. तो खोकल्याशिवाय, तापाशिवाय नळ्या बंद करून बसतो. आणि पाळी चुकलेली, डाग, एका बाजूला ओटीपोटात दुखणं, चक्कर: नळीत गर्भ राहिल्याची शंका. तेव्हा रात्र असो वा दिवाळी, माझा दवाखाना उघडायची वाट बघू नका. औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम रुग्णालय, जवळ पडेल ते गाठा.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत, तर दोघांनीही तपासणीला यावं. दोघांनीही, असं मी मुद्दाम म्हणते. बाईच्या तीन सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्यांची जाडजूड फाइल आणि नवऱ्याची वीर्यतपासणी अजून ‘पुढच्या सुट्टीला’, हे मी दर आठवड्याला बघते. सगळ्यांत स्वस्त आणि न दुखणारी तपासणी तीच आहे. हल्ली मी ती चिठ्ठी आधी लिहिते.