काम झालं का?

आमच्या टेस्ट बेंचवर आलेली नवी मुलगी प्रत्येक कमांडनंतर दोन सेकंदांचा स्लीप टाकते. सप्लायला व्होल्टेज दिलं, स्लीप. मीटरची रेंज बदलली, स्लीप. मी चिडलो, तर शांतपणे म्हणाली, "सर, मग किती ठेवू?" तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

पुस्तकी उत्तर सोपं आहे: स्टार ओपीसी क्वेरी. १९८७च्या आयईईई ४८८.२ मानकात ती आली आणि १९९०ची एससीपीआय ही उपकरणांची कमांडभाषा त्याच पायावर उभी राहिली. हातातली कामं संपली की उपकरण '१' पाठवतं. पण लांबलचक स्वीपमध्ये ती विचारून रीडला बसलात, तर टाइमआउट होतो. मग तो '१' न वाचताच पुढची क्वेरी टाकली, की एरर क्यूमध्ये उणे ४१०, म्हणजे 'क्वेरी इंटरप्टेड', हजर. म्हणून मी प्रश्नचिन्हाविनाची स्टार ओपीसी वापरतो. ईएसई १, एसआरई ३२, आणि सर्व्हिस रिक्वेस्ट येईपर्यंत निवांत. हे सगळं मॅन्युअल न उघडता टाइप करताना मागे कुणी उभं असावं, असं मला वाटतं. कमांडची आखूड रूपं वापरतो, तीही निम्मी मिरवण्यासाठीच.

तरी अडचण सुटत नाही. '१२ व्होल्ट दे' हे काम पुरं कधी झालं? काही सप्लाय आतल्या डीएसीला आकडा पोचला की '१' देऊन मोकळे होतात. बोर्डावरचा कपॅसिटर अजून भरतोच आहे. काही स्वस्त स्कोप तर ट्रिगर यायच्या आधीच '१' म्हणतात. काय संपलं की 'संपलं' म्हणायचं, हे उपकरण बनवणाराच ठरवतो. "ते ड्रायव्हर बघतो," म्हणणारे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करतात. त्यांचे एक-दोन ड्रायव्हर मी उघडले. पोटात स्लीपच निघाला.

आणि कबूल करायला जड जातं, पण तिच्या दोन सेकंदांत कपॅसिटर तरी भरतो. माझ्या देखण्या सर्व्हिस रिक्वेस्टला त्याचा पत्ताही नसतो. सर्किटला विचारायचं तर कपॅसिटरच्याच टोकांवर मीटर लावून, वाचन स्थिर होईपर्यंत मोजत राहावं लागतं. ते चाळीस ओळींचं काम आहे, आणि दिसायला अगदीच गबाळं.

तेव्हा स्लीप खुशाल टाका. फक्त तो आकडा कुठून आला, ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहा.