न लढण्याचा दंड

कुस्तीतला सगळ्यात अवघड निर्णय कोणता? चितपटीचा नक्कीच नाही. खांदे टेकले की टेकले, ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं. अवघड निर्णय म्हणजे, समोरचा पैलवान लढतोय की नुसता वेळ काढतोय? अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीने या एका प्रश्नाशी अनेक वर्षं झटापट केली आहे आणि मला ती जाम इंटरेस्टिंग वाटते.

आधी थोडं बॅकग्राउंड. तिथल्या कॉलेजांत खेळतात ती कुस्ती ऑलिंपिकच्या फ्रीस्टाईलहून वेगळी, तिला फोकस्टाईल म्हणतात. सामना 7 मिनिटांचा, 3 + 2 + 2. खांदे टेकवले तर खेळ खलास, नाहीतर गुण मोजायचे. पाडण्याइतकंच पाडल्यावर ताबा ठेवण्याला महत्त्व. समोरच्यापेक्षा एकूण एक मिनिट जास्त ताबा ठेवला, तर शेवटी 1 गुण जादा मिळतो.

आता गुण आले, घड्याळ आलं, की हिशेबीपणा आलाच! मी 2 गुणांनी पुढे आहे आणि 40 सेकंद उरलीत. धोका कशाला पत्करू? मागे सरकायचं, हात अडकवून ठेवायचे, हळूच कडेला जायचं, शिट्टी वाजली की श्वास घेत घेत मध्यभागी परतायचं. याला तिथे स्टॉलिंग म्हणतात. पहिल्यांदा फक्त ताकीद, मग प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याला गुण आणि तरी सुधारला नाही तर शेवटी सरळ बाद.

ऐकायला सोपं आहे, पण गंमत पुढेच आहे. वर असलेल्याने नुसतं चिकटून राहायचं नाही, खांदे टेकवायचा प्रयत्न करायचा. खाली असलेल्याने सुटायची धडपड करायची. उभ्याने दोघांनीही चढाई करायची. पण 'प्रयत्न' मोजायचा कसा? एखादा पैलवान मुद्दाम थांबतो, समोरच्याला पट काढायला येऊ देतो आणि तोच डाव त्याच्यावर उलटवतो. तो थांबलाय, पण वेळ काढत नाहीये. बाहेरून मात्र दोघं सारखेच दिसतात.

फ्रीस्टाईलने यातून सोपी पळवाट काढली. 9 मीटर व्यासाचं वर्तुळ, पाय बाहेर पडला की समोरच्याला 1 गुण. हेतू बितू काही विचारायचा नाही. कॉलेज कुस्तीत मात्र नुसतं बाहेर जाण्याला गुण नाही, डाव थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. पण मुद्दाम पळालास असं पंचाला वाटलं, तर दंड. म्हणजे फ्रीस्टाईलमध्ये रेषा ठरवते, इथे माणूस.

तुम्ही म्हणाल, मग रेषाच बरी की! भांडण नाही, पक्षपाताचा आरोप नाही. पण एकदा रेषेला गुण मिळायला लागले की पैलवान रेषेसाठी खेळतात. पाडण्याऐवजी ढकलणं हाच डाव होऊन बसतो.

तिसरा रस्ता मला जास्त आवडला. 2023-24 च्या हंगामापासून तिथे खाली पाडण्याचे 2 ऐवजी 3 गुण झाले. वरच्या उदाहरणात हे घालून बघा. पूर्वी 2 गुणांनी पुढे असलेला शेवटच्या सेकंदाला पडला तरी बरोबरी व्हायची. आता तो थेट हरतो! पंचाने एक शब्दही न बोलता वेळ काढणं महाग झालं.

आपल्याकडे लाल मातीतल्या जुन्या निकाली कुस्तीत हा प्रश्न वेगळ्या रूपात यायचा. गुणच नव्हते, त्यामुळे राखायला आघाडीच नव्हती. नुसती खडाखडी चालली की हौद्याभोवतीचं पब्लिकच ओरडायचं, कुस्ती धरा! फार लांबली तर बरोबरीत सोडवायचे. आता मातीतही घड्याळ आणि गुण आलेत आणि त्यांच्या मागोमाग हिशेबीपणाही.

हे सगळं मला एवढं का लागतं सांगू? माझा एक टीममेट होता. शांत, मीटिंगमध्ये गप्प, तिकिटं कमी बंद करायचा. पण महिनोन्महिने कुणालाच न सापडणारा बग त्याने चार दिवस नुसतं लॉग वाचून शोधला. त्या वर्षी अप्रेझलमध्ये त्याला सगळ्यात खालचं रेटिंग मिळालं, कारण बंद केलेली तिकिटं मोजली होती. एका बगची चार तिकिटं करून चारही बंद करणारे वर गेले. सहा महिन्यांत तो सोडून गेला. रेषा एकदम ऑब्जेक्टिव्ह होती, हं!

म्हणून कॉलेज कुस्तीच्या त्या पंचाबद्दल मला आदर वाटतो. तो चुकतो, शिव्या खातो, शेवटच्या मिनिटात दंड द्यायला कचरतो (हे मात्र मला पटत नाही, पहिल्या मिनिटाला जो गुन्हा तो शेवटच्या मिनिटालाही गुन्हाच). पण तो निदान पैलवानाकडे बघतो. थांबणं आणि टाळणं यातला फरक कुठल्याही रेषेला कळत नाही, तो खेळ कळणाऱ्या माणसालाच कळतो. किंमत नीट लावा, बाहेर जाण्याची रेषाही जरूर आखा, पण शेवटी बघणारा एक माणूस ठेवाच.

तुमच्या ऑफिसात काय मोजतात? कळवा.