अंगावरचं

कर्जतला राहणाऱ्या माणसाला घाट चढणाऱ्या गाड्यांचं कौतुक. पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात फलाटावरचे वडे संपतात. उतरणाऱ्या गाडीकडे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. आमच्या पास्टरेट कमिटीत एक निवृत्त ड्रायव्हर आहेत, त्यांनी एकदा उपासना संपल्यावर चहा पिताना मला कॅच सायडिंग समजावून सांगितलं.

बोरघाटाचा उतार सदतीस फुटांना एक फूट. 1863 साली ही लाईन सुरू झाली तेव्हापासून इथे खरी भीती चढण्याची नाही, उतरताना ब्रेक जाण्याची आहे. म्हणून घाटात मेन लाईनला लागून एक आखूड रूळ डोंगरावर चढवून ठेवलेला असतो. सांधा आधीपासूनच त्या चढाच्या रुळाकडे लावलेला. खाली येणाऱ्या गाडीने ठरल्या जागी थांबायचं, ती ताब्यात आहे हे दिसलं की मग सांधा मेन लाईनला फिरतो. ब्रेक गेलेच असतील तर गाडी आपसूक चढावर जाते आणि दमून थांबते. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "रेल्वेचा ड्रायव्हरवर भरवसा नाही असं नाही. उतारावर नाही."

मूळ पापाच्या सिद्धांतावर मी सेमिनरीत तीन वर्षं टिपणं काढली. त्या सगळ्यांपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं आहे. मराठीत 'पाप' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खून नाही तर व्यभिचार येतो, आणि तो मनात म्हणतो, आपण बरे आहोत. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे 'हमार्तिया'. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. त्यात दुष्टपणा असेलच असं नाही. पायाखाली उतार आहे, एवढंच.

पण कृपेचं काय? ती मला कॅच सायडिंगने समजावता येईना. गाडी सुखरूप थांबली, इथवर ठीक. झालेल्या नुकसानीचं कोण बघणार?

खालापूर तालुक्यातल्या एका वीटभट्टीवर जालन्याकडचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं; घरचा कर्ता भट्टीवर हिशेब लिही. त्याची आई वारली, तेव्हा तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी प्रार्थनेला गेलो. मागे भट्टीवरची कातकरी माणसं येऊन बसली होती. शेवटी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. मराठी बायबलात मत्तयाने दिलेल्या या प्रार्थनेत 'ऋण' हा शब्द आहे; जी मागायची ती ऋणाची माफी. लूकने त्याच जागी 'पाप' लिहिलं. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत दोन्हींना एकच शब्द होता, म्हणून ही गंमत. तर प्रार्थना संपल्यावर एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "फादर, याच्यात शेटचं पन येतं का?"

(इथे सगळे मला फादरच म्हणतात. आम्ही प्रोटेस्टंट, आम्हाला बायकामुलं असतात, हे सांगून मी थकलो.)

शेटचं म्हणजे अंगावरचं. काथ पाडणारे ते कातकरी. आता खैराचं जंगल नाही आणि काथही नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून भट्टीवर जायचं आणि पाऊस लागायच्या आत हिशेबाला बसायचं. हिशेबात बहुतेक वेळा काहीतरी अंगावर राहतंच, ते पुढच्या वर्षावर जातं. त्या बाईला 'ऋण' हा शब्द कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या मंडळीतल्या गृहकर्जवाल्यांना तो इतका कळत नाही.

मी काय उत्तर दिलं? काहीतरी आध्यात्मिक बोललो. ते इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही.

घरी येऊन पौलाचं फिलेमोनाला पत्र काढलं. नव्या करारातलं हे जेमतेम पानभर पत्र, रविवारी क्वचितच वाचलं जातं. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम मालकापासून दूर कैदेतल्या पौलाजवळ पोचलेला. पौल त्याला परत पाठवतो आणि सोबत चिठ्ठी देतो: याला भाऊ म्हणून घे, आणि याच्याकडून तुझं काही येणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. कर्ज हवेत विरत नाही, ते कोणाच्या तरी खात्यावर जातं. शेटने उचल सोडली तर बूड शेटला लागते. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाबद्दल जे काही म्हणतो ते या हिशेबात बसतं: बूड देवाने आपल्या अंगावर घेतली. 'कृपा' हा आपल्याकडे फार गुळगुळीत झालेला शब्द आहे, लग्नपत्रिकेपासून ट्रकच्या काचेपर्यंत. त्याच्या पोटात हा तोटा आहे हे आम्ही पाळकसुद्धा विसरतो.

मराठीत हे ज्यांना उमगलं त्यात पंडिता रमाबाई पहिल्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं गेली. तोवर मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशी त्या त्रैक्यावरून आणि बिशपच्या अधिकारावरून भांडत होत्या. बुद्धी अशी की समोरच्याने दमावं. मला वाटतं, रमाबाईंना पाप समजणं सोपं गेलं असेल. फुकट घेणं जड गेलं असेल.

आणि दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदं 'उपासना-संगीता'तून आम्ही दर रविवारी गातो. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर मोडलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं सांभाळत. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' भागाभागाने छापलं जाऊ लागलं 1934 साली, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तोवर चर्चने त्यांना जवळजवळ संत करून टाकलं होतं. बाईंनी दाखवला तो माणूस तापट, एकदम उठून चालता होणारा, आणि घरात उद्याचं पीठ आहे की नाही हे न बघता हातातलं देऊन टाकणारा. तरी पुस्तकभर कडवटपणा शोधून सापडत नाही. हसू सापडतं. नवऱ्याकडून एवढं येणं बाकी असलेल्या बाईने वही समोर धरून हसावं, याहून मोठं कृपेवरचं लेखन मराठी ख्रिस्ती वाङ्मयात मला माहीत नाही, आणि त्यात 'कृपा' शिकवण्याचा आव कुठेच नाही. टिळक स्वतः तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणत. लक्ष्मीबाई कोणत्या पुलावरून आल्या हे कोणी विचारत नाही. बहुधा स्वयंपाकघरातून.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एका चाकराचं दहा हजार तालंतांचं देणं राजाने सोडलं. एका दीनाराला एक रोज धरला तर ते होतात सहा कोटी रोज. तो बाहेर आला आणि आपले शंभर दीनार देणं असलेल्या सोबत्याची त्याने मानगूट धरली.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका तरुणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा ठराव झाला. दारू, उधाऱ्या, एकदा उपासनेत गोंधळ. खाली माझी सही आहे. नियमाने ठराव बरोबर होता. नंतर तो मला एकदा कर्जतच्या फलाटावर दिसला. "सलाम, पाळकसाहेब," म्हणाला आणि लोकल सुटेपर्यंत माझ्या मुलांची चौकशी करत राहिला. ठरावाचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही, आणि माझ्याकडून ते शंभर दीनार होते. यंदा कमिटीने ठराव मागे घेतला. हे सांगायला मी त्याच्या घरी गेलो तर खोली दुसऱ्याने भाड्याने घेतलेली.

त्या बाईला मात्र आता मी उत्तर देऊ शकतो. हो बाई, शेटचंही येतं, आणि त्यासाठी देवापर्यंत जायची गरज नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे, आणि वेठीला बांधून ठेवणारं कर्ज त्याने रद्द ठरवलं आहे. जिल्ह्यात आणि उपविभागात त्यासाठी दक्षता समित्या असाव्यात असं त्यातच लिहिलं आहे.

हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून बिऱ्हाडं भट्ट्यांकडे निघालेली असतील. यंदा घराला विटा घ्याल तेव्हा भावाची घासाघीस झाल्यावर भट्टीवाल्याला एवढं विचारा, की विटा पाडणाऱ्यांच्या अंगावर किती आहे. उत्तर खटकलं तर तहसील कचेरीत जाऊन सांगा.